रिकाम्या हाताने परत

१

संतराम शिंकला की शेजारच्या कोंबड्या उडतात, असं गावात म्हणत, आणि त्यात खोटं फारसं नव्हतं. माणूस अंगाने शेलाटा, पण आवाज सगळे दांडगे. खोकला दांडगा, चपला घासत चालणं दांडगं, आंघोळीला बसला की गाणं दांडगं, आणि हाक तर विचारूच नका. हळदीच्या वावराच्या पार टोकाला उभा राहून तो "शिवाची माय" म्हणायचा आणि इकडे चुलीपुढे बसलेल्या नर्मदाबाईच्या हातातली भाकरी हलायची. "ह्यांच्या नरड्यात देवानं भोंगा बशिवला," असं ती चारचौघींत सांगे. हाकेला "ओ" मात्र दर वेळी पहिल्याच फटक्यात देई. इतक्या वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

शेतातल्या घराला इकडे आखाडा म्हणतात. वसमतच्या रस्त्याला लागून त्यांचा आखाडा होता. पुढे पडवी, मध्ये मोठी खोली, मागे स्वयंपाकघर. मुलगा शिवशंकर आणि सून प्रियदर्शनी पुण्याला. इथे ही दोघं, एक शेळी, कोंबड्या आणि टीव्ही. संक्रांतीला आला तेव्हा शिवाने त्या टीव्हीला एक काळी डबी जोडून दिली. आता पिक्चर त्या डबीतून येणार होते. जुने फुकट, नवे मात्र भाड्याने. रिमोटमध्ये नाव बोलायचं, पैसे शिवाच्या खात्यातून जायचे, आणि पिक्चर दोन दिवस घरात राहायचा. मग आपोआप परत.

ही बातमी गावात पोचली आणि ज्याने त्याने आपापलं मत दिलं. दुपारी पडवीत येऊन बसणाऱ्या सखुबाईचं म्हणणं असं की भाड्याने बैल आणावा, ट्रॅक्टर आणावा, पण जो हातात धरता येत नाही तो पिक्चर भाड्याने आणणारा माणूस शहाणा नव्हे. कुणी म्हणालं, केबल काय वाईट होती. कुणी म्हणालं, दोन दिवसांत जातो तर घेतलाच काहून. संतराम सगळ्यांना हसत होता. त्याला भाडं नवं नव्हतं. तरुणपणी तो वसमतहून व्हीसीआर भाड्याने आणायचा, बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून, आणि अख्खं गाव अंगणात जमायचं.

त्या काळी व्हीसीआर परत जाताना त्याच्या खोक्यात नर्मदाबाई शेंगा घालून द्यायची, कधी हळकुंडं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिच्या आईची शिस्त. सखुबाईकडून वाटीभर ताक आलं तर वाटी जाताना चिमूटभर साखर घेऊन जाई. रिकामं भांडं फक्त एकाच वेळी पाठवतात, त्या घराशी संबंध तोडायचा असतो तेव्हा. म्हणून तिने शिवाला फोनवर विचारलं, की बाबा, हा परत कसा करायचा? शिवा म्हणाला, करायचा नसतो, आपोआप जातो.

"मंग काय रिकामाच जातो?" तिने विचारलं. शिवा इतका हसला की फोन सुनेकडे गेला.

पहिला पिक्चर दोघांनी भर उन्हाच्या वेळी, दारं लोटून पाहिला. मारामारीचा होता. शेवटी डबीने पडद्यावर विचारलं, कसा वाटला, आणि एक अंगठा वर, एक खाली असे दोन हात दाखवले. संतरामने वरचा दाबला. मुदत संपायच्या दिवशी नर्मदाबाईने वाटीत गुळाचा खडा आणि शेंगदाणे घेतले आणि ती वाटी डबीपुढे ठेवली. थोडी चेष्टा होती, थोडी सवय.

"रिकाम्या हातानं जाऊ नको बाबा," ती डबीला म्हणाली. "घरातलं लागंल ते घेऊन जा. लाजू नको."

संतराम खोकला येईतो हसला. जरा वेळाने पडद्यावर अक्षरं आली, भाड्याची मुदत संपली, आणि पिक्चरचं चित्र तिथून गेलं. वाटी जिथल्या तिथे होती. संध्याकाळपर्यंत तिला मुंग्या लागल्या.

२

दुसऱ्या दिवशी हळद पॉलिशला होती. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालतात, ट्रॅक्टर तो ड्रम फिरवतो, हळकुंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात आणि त्यांची साल पिवळा धुरळा होऊन उडते. त्या धुरळ्यात भुवया पिवळ्या होतात, कपडे पिवळे होतात, आणि तोंडाला कितीही फडकं बांधा, शिंका काही सुटत नाहीत. गडी शिंकत होते, ट्रॅक्टरवाला शिंकत होता, नर्मदाबाई स्वतः शिंकून बेजार झाली होती.

दुपारी ड्रम बंद झाला. सगळे लिंबाखाली भाकरीला बसले. तेव्हा संतरामचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले, मान मागे गेली. नर्मदाबाईने सवयीने कालवणावर झाकण ठेवलं. त्याची मान झटक्याने पुढे आली, खांदे हलले, मिशीतली हळद समोर उडाली. आवाज झाला नाही.

अजिबात झाला नाही. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र चालू ठेवावं तसं झालं. कोंबड्या त्याच्या पायापाशी दाणे टिपत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. गड्यांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. संतराम भाकरीचा तुकडा मोडून खाऊ लागला.

तिने विचारलं, शिंकलात ना? तो म्हणाला, शिंकलो की. ती म्हणाली, ऐकू न्हाई आलं. त्यावर तो म्हणाला की सकाळपासून ट्रॅक्टरपाशी उभी राहिलीस तर काय ऐकू येणार, गडगडाटाने कान बसतात. हे पटण्यासारखं होतं. तिने पटवून घेतलं. पण पलीकडे बसलेल्या गड्याचं पाणी पिणं, शेळीचं कडबा चावणं, लिंबावरच्या चिमण्या, सगळं तिला ऐकू येत होतं.

३

दुसरा पिक्चर कोर्टाचा होता. तो बघायला सखुबाईही आली, नावं ठेवायला का होईना. संतरामने रिमोट तोंडापाशी धरून पिक्चरचं नाव असं ओरडून सांगितलं की सखुबाईने कानावर हात ठेवले.

पिक्चर रंगात आला. वकील बोलत होते, आरोपी रडत होता, न्यायाधीश चष्मा पुसत होते. कोर्टात चिडीचूप. आणि कोर्टाच्या मागच्या बाकांवरून, कॅमेरा जिकडे वळलाच नव्हता तिकडून, एक शिंक आली.

खोली हादरली म्हटलं तरी चालेल. सखुबाई संतरामकडे वळली आणि म्हणाली, "भाऊजी, पदर उडाला की माझा. तोंडावर रुमाल धरा."

"मी न्हाई," संतराम म्हणाला. "टीव्हीत शिंकलं कुणीतरी."

त्याने पिक्चर मागे नेला आणि पुन्हा लावला. तीच शिंक, आधी लांबवलेला श्वास, मग दणका, मग शेवटी "हरी" म्हणायची सवय, तीही. सखुबाई हसून हसून लोळायची राहिली. संतरामला तर काय, आनंद आवरेना. माझ्यासारखा शिंकणारा मुंबईत बसलाय म्हणून त्याने पुण्याला फोन लावला. नर्मदाबाई हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. पडद्यावर शिंक वाजायची तेव्हा त्याचे खांदे किंचित हलायचे, जणू तीच शिंक त्याच्या अंगातून जात होती.

मुदतीच्या दिवशी तिने डबीपुढे वाटी ठेवली, पण बोलली काही नाही. एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणायची गरज नसते, हे तिच्या लक्षात पुढे आलं. पिक्चर गेला. आणि त्याच संध्याकाळी ती चुलीपुढे बसलेली असताना तिच्या खांद्यावर हात पडला. ती किंचाळून उठली. मागे संतराम उभा होता, पायात चपला, हातात दुधाचं भांडं. आयुष्यभर ज्याची चप्पल गोठ्यातून निघाली की तिला ताट वाढायला वेळ मिळायचा, तो माणूस तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला आणि तिला कळलं नाही.

"खोकून तरी यावं माणसानं," ती म्हणाली.

"खोकलो की," संतराम म्हणाला. पण ह्या वेळी त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

४

वसमतच्या डॉक्टरने बॅटरी लावून घसा पाहिला आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. उलट बाईंचेच कान तपासून घ्या म्हणाला. नर्मदाबाईने घरी येऊन कान तपासले, आपल्या पद्धतीने. तांब्या पाडून पाहिला, कडी वाजवून पाहिली, मागच्या खोलीत जाऊन घड्याळाची टिकटिक ऐकली. जगातलं सगळं बराबर ऐकू येत होतं. एक नवराच तेवढा ऐकू येत नव्हता, आणि तोही सगळा नाही, तुकड्यातुकड्याने.

तिने प्रियदर्शनीला फोन केला. सून शिकलेली, धीराची. तिने समजावून सांगितलं की आई, पिक्चरवाले असले आवाज साठवून ठेवतात आणि सगळीकडे तेच तेच वापरतात. शिंक ही शिंकच असते. बाबांचं वय झालंय, आवाज बसतोच. नर्मदाबाईला बरं वाटलं. अर्धा दिवस ते बरं वाटणं टिकलं.

मग संतरामने तिसरा पिक्चर लावला. त्यात एका श्रीमंताचा बंगला होता, संगमरवरी जिना होता, आणि जिन्यावर दोघी बहिणी भांडत होत्या. भांडण चालू असताना वरच्या मजल्यावरून, बंद दाराआडून, पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला आणि कुणीतरी गाऊ लागलं.

म्हैस आमची काळी, वैरण मागते सकाळी.

हे गाणं कुठल्याही पिक्चरचं नव्हतं. ते संतरामचं होतं, त्याने स्वतः जोडलेलं, आणि पृथ्वीच्या पाठीवर ते दुसरं कुणी म्हणत नव्हतं. कारण म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पडद्यावरच्या बहिणी भांडत राहिल्या. त्यांना ते ऐकू येत नसावं. नर्मदाबाईने उठून डबी उपटली, तारेसकट, आणि ज्वारीच्या कणगीत खोल पुरली.

 दुसऱ्या सकाळी संतराम आंघोळीला बसला. न्हाणीच्या पत्र्याच्या फटीतून तिने पाहिलं. तो मान हलवत होता, मांडीवर ताल धरत होता, तोंड उघडझाप करत होता. पाणी सांडल्याचा तेवढा आवाज येत होता. ती तिथेच भिंतीला टेकून रडली. त्या गाण्याला तिने जन्मभर नावं ठेवली होती.

५

कणगीत पुरली म्हणून मुदत थांबत नाही. ती संपली आणि संतराम बोलेनासा झाला. म्हणजे आवाज होता अजून, पण बारीक, दमलेला, आणि तो जपून वापरायचा. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा बोलायचा नाही. एक हाक तेवढी शाबूत राहिली होती. वावरातून "शिवाची माय" आलं की नर्मदाबाई जिथे असेल तिथून "ओ" म्हणायची आणि मनात देवाला हात जोडायची.

आणि अशात एके दिवशी ती सखुबाईकडून परत आली तर दारं लोटलेली, टीव्ही चालू. कणगीतून काढलेल्या डबीवर ज्वारीचा भुस्सा होता. संतराम पडद्याला नाक लावून बसला होता. नवा पिक्चर भाड्याने आणला होता त्याने. पडद्यावर शहरातल्या एका घराची बैठकीची खोली होती, दिवाण, फुलदाणी, पाठीमागे अर्धवट उघडं दार. त्या दारामागून चपला घासल्याचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. संतराम डोळे मिटून ऐकत होता.

"फोडून टाकते मी ही डबी," नर्मदाबाई म्हणाली.

त्याने तिचा हात धरला. "नगं. माझं समदं त्यात हाय."

"तुमचं इथं हाय. माझ्यापुढं बसून राहिलं ते."

"इथं काय राहिलं, शिवाची माय," तो म्हणाला. "तिथं मी बराबर ऐकू येतो."

नर्मदाबाईला आधी भीती वाटली. मग वाईट वाटलं. आणि मग जो राग आला तो असा आला की तिचे कान तापले. पाहुणा म्हणून घेतला घरात, गूळ दिला, शेंगदाणे दिले. बोट दिलं तर हात धरला, आणि आता हा पाहुणा घरातला माणूसच ओढून नेऊन राहिला, आणि माणूस स्वतःच्या पायाने चाललाय. पिक्चर उद्या दुपारी परत जाणार होता. जाताना काय नेणार, हे सांगायला कुठल्या जाणत्याची गरज नव्हती. एकच वस्तू उरली होती.

रात्रभर ती विचार करत पडली. चूक कुठे झाली ते तिला ठाऊक होतं. रिकामं जाऊ नको, हे तिनेच शिकवलं होतं. डबीला आधी ते माहीत नव्हतं. शिवा म्हणाला होता तसा तो आपला आपोआप, कोरडा परत गेला असता. चांगुलपणाची सवय तिची, आणि तीच सवय तिच्या गळ्याशी आली. मग ती सवय मोडायची. जन्मात जे कधी केलं नाही ते करायचं. ह्या पाहुण्याला रिकाम्या हाताने वाटेला लावायचं.

पहाटे तिला आणखी एक आठवलं आणि ती अंधारात उठून बसली. ती "घरातलं लागंल ते" असं म्हणाली होती. वावरातलं म्हणाली नव्हती.

६

जेवण झाल्यावर तिने संतरामला बांधापलीकडच्या आंब्याखाली नेऊन बसवलं. घरातून निघायचा नाही म्हणत होता. तिने हाताला धरून ओढत नेलं. मी येईतो इथून हलायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, असं बजावलं. शेळी आणि कोंबड्या सखुबाईकडे पोचवल्या. सखुबाईने काहून म्हणून विचारलं तर तिने सांगितलं, पाहुणा जाणार हाय, त्याला काही द्यायचं नाही.

मग तिने घर मुकं केलं. घड्याळाचा सेल काढला. फोन बंद करून सखुबाईच्या घरीच ठेवला होता. ठिबकणाऱ्या नळाला चिंधी बांधली, पंखा बंद केला, दाराच्या कड्यांत कापडाचे बोळे घातले. बांगड्या काढणं शक्य नव्हतं, नवरा जिवंत होता. तिने त्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि वरून फडकं आवळून बांधलं. वाटी फडताळात पालथी घातली. टीव्ही मात्र चालू ठेवला. पाहुणा वाटेला लावायचा तर तोंडावर लावायचा, पाठ फिरवून नाही.

ती पडद्यासमोर जमिनीवर बसली. पिक्चर संतरामने थांबवला होता तिथेच थांबलेला होता. दिवाण, फुलदाणी, अर्धवट उघडं दार, दारामागे काळोख. पत्र्यावर ऊन तापत होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. आपल्याला वेड लागलं आहे असं तिला वाटलं, आणि सुनेला कळलं तर ती काय म्हणेल, हेही वाटलं. तेवढ्यात त्या थांबलेल्या चित्रात चपला घासल्या.

काळोखातून त्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. मग खोकला आला, दांडगा, छातीतला. मग शिंक, शेवटच्या "हरी"सकट. मग म्हशीचं गाणं. सगळं एकामागून एक, सावकाश, कुणी दुकानात माल काढून दाखवावा तसं. किती दिवसांनी ऐकत होती ती. हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ती दोन्ही गिळत होती. हुंदकासुद्धा द्यायचा नव्हता. हुंदकाही घरातलाच.

"शिवाची माय."

"ओ" तिच्या दातांपर्यंत आली. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि चावला. पुन्हा हाक आली, आता हळू. त्याची आई गेली त्या दिवशी तो असाच हळू बोलला होता. आणि मग तिसरी.

"शिवाची माय. तहान लागली गं. पाणी दे."

पाण्याला नाही म्हणू नये. वैऱ्यालाही म्हणू नये, हे तिला आईने वाटीच्या आधी शिकवलं होतं. तिचे गुडघे आपोआप उठायला झाले. तिने ते दोन्ही हातांनी खाली दाबून धरले. पडद्यावर काही हलायला नको होतं, चित्र थांबलेलं होतं. पण ते अर्धवट उघडं दार आणखी थोडं उघडलं. उंबऱ्यावर, त्या शहरातल्या गुळगुळीत फरशीवर, एक पाऊल आलं. टाच भेगाळलेली. भेगांत हळद भरलेली.

नर्मदाबाईने डोळे मिटले नाहीत. तिने दोन्ही तळवे वर उचलले, उघडे, आणि पडद्यापुढे धरले. त्यांत काही नव्हतं. बघ, म्हणून ती ते तसेच धरून बसली, खांदे भरून आले तरी. पाऊल उंबऱ्यावर होतं. ते पुढेही येत नव्हतं, मागेही जात नव्हतं.

मग अक्षरं आली. भाड्याची मुदत संपली. पडदा काळा झाला.

७

जरा वेळाने तिने तोंडातला पदर काढला. काळ्या पडद्यात तिला आपणच दिसत होतो, हात वर केलेले. तिने ते खाली घेतले. डबी उपटून बाजूला टाकली. उठून पडवीत आली, आणि ऊन इतकं होतं की क्षणभर तिला काही दिसलं नाही.

मग आंबा दिसला. आंब्याखाली संतराम उभा राहिला होता. तिला पडवीत पाहून त्याने हात हलवला, तोंडाशी तळवे धरले, आणि वावर ओलांडून त्याची हाक आली. बारीक होती. दमलेली होती. अर्धी तर वाऱ्यानेच नेली. पण होती.

"शिवाची माय."

नर्मदाबाईला वाटलं, जिंकलो. तिने छाती भरून श्वास घेतला, आणि तो सोडायच्या आत तिच्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून, जिथे कुणी नव्हतं तिथून, तीच हाक आली.

ही हाक बारीक नव्हती. भरल्या गळ्याची होती. पडवीतल्या पत्र्याने ती झेलली आणि परत टाकली. तरुण संतराम वावराच्या टोकाहून अशीच हाक मारायचा. समोरच्या माणसापेक्षा ती त्याचीच जास्त वाटत होती.

तिला कळलं. ज्याच्या हातात काही पडलं नाही, तो गेलाच नाही.

 ती वळली नाही. आधी पडवी ओलांडली, अंगणात उन्हात दोन्ही पाय रोवून उभी राहिली. मग घराकडे पाठ ठेवूनच बोलली.

"राहायचं तर राहा. घर घे. भांडी घे, चूल घे, मला काय त्याचं. पण ओ न्हाई मिळणार. मरेस्तोवर हाका मार, ओ न्हाई मिळणार."

ती आंब्याकडे निघाली. ढेकळं तापली होती आणि ती अनवाणी होती. मागे चपला घासत उंबऱ्यापर्यंत आल्या, तिला त्या स्पष्ट ऐकू आल्या, आणि उंबऱ्यावर थांबल्या. पुढे संतराम बांध उतरून तिच्याकडे येऊ लागला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यालाही ते ऐकू येत असावं.

"थांबू नका," तिने त्याला ओरडून सांगितलं. "हाक मारत राहा मला."

तो घाबरला होता, त्याला धड श्वास पुरत नव्हता, तरी त्याने मारली. तिने ओ दिली. त्याने पुन्हा मारली, पहिलीपेक्षा बारीक. तिने पुन्हा दिली, पहिलीपेक्षा मोठ्याने. आता तो हाताच्या अंतरावर आला होता आणि हाकेची काही गरज उरली नव्हती. पाठीमागून घर हाका मारतच होतं, जवळ बोलावावं तसं, गोड, तरण्या आवाजात. नर्मदाबाईने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं, त्याच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाली, "अजून मारा."

त्याचे ओठ हलले. जे आलं ते जेमतेम हवा हलवण्याएवढं होतं. तिने त्याला ओ दिली.